सुरुंग शोधणारे यंत्र गप्प असले तर?

१९८९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परत गेल्या, पण सुरुंग शेतात आणि पायवाटांवर तसेच राहिले. पुढच्या लढायांनी त्यांत भरच घातली. गुरे चारणारी मुलेही त्यांत हातपाय गमावून बसली. हे सुरुंग काढणाऱ्यांना आधी मेटल डिटेक्टर जोडायला आणि वापरायला शिकवतात.

यंत्र दिसायला साधे. तबकडीसारखे डोके, लांबवता येणारी दांडी, बॅटरीची पेटी आणि हेडफोन. डोक्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते. त्यामुळे जवळच्या धातूत वीजप्रवाह तयार होतो आणि कानात आवाज येतो. आपली मुले दहावीत विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकतात ना, तेच हे.

मग अवघड काय? बऱ्याच सुरुंगांचे कवच प्लास्टिकचे असते, आत धातू म्हणजे एखादी बारीक पिन किंवा स्प्रिंग. म्हणून यंत्र जोडले की धातूचा ठरावीक नमुना धरून आवाज तपासायचा. मातीतही लोह असते, त्यामुळे यंत्र त्या जमिनीशी जुळवून घ्यायचे. मग डोके जमिनीलगत, सावकाश, आधीच्या पट्ट्यावर थोडे चढवून फिरवायचे. आवाज आला की खूण करायची आणि बाजूने हळूहळू माती काढायची. पुष्कळदा खिळा नाहीतर काडतुसाचे टरफल निघते. तरी पुढचा आवाज सुरुंगाचाच समजायचा.

बिघडलेले यंत्रही गप्पच असते. म्हणून कामाच्या मध्येही नमुना पुन्हा तपासतात. त्या जमिनीवर उद्या कुणाचे तरी लेकरू चालणार असते.