‘एकच प्याला’ लिहिणारे गडकरी : नाटकामागचं घरचं दुःख

ओतूर : दारूपायी मोडलेलं एखादं तरी घर प्रत्येक गावात सापडतं. बाया आडव्या बाटलीसाठी मतदान मागतात ते काही हौसेनं नाही. हेच दुःख शंभर वर्षांपूर्वी राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’ नाटकात मांडलं. नाटकाचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण लिहिणाऱ्याच्या घरात काय चाललं होतं ते फारसं कुणी सांगत नाही.

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातमधल्या गणदेवीचा. शाळकरी वयातच वडील वारले. पाठोपाठ धाकटा भाऊही गेला. पुण्यात येऊन फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं, पण परिस्थितीमुळं शिक्षण अर्धवट सुटलं. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत, कंपनीतल्या मुलांना शिकवायची नोकरी. पहिलं लग्न टिकलं नाही. दुसरं लग्न रमाबाईंशी झालं, त्या वयानं बऱ्याच लहान. पुढं क्षयानं गाठलं, आणि त्या काळी क्षयाला औषध नव्हतं.

आता नाटक बघा. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. त्याची बायको सिंधू लोकांची दळणं दळून घर चालवते. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून पोटचं पोर जातं, सिंधूही जखमी होते. फौजदार आल्यावर मात्र ती नवऱ्याचं नाव घेत नाही. आजच्या बाईनं असं गप्प बसावं, असं कुणी म्हणणार नाही. पण मार खाऊनही नवऱ्याला पाठीशी घालणारी बाई गावात आजही दिसते.

सुधाकर म्हणजे गडकरीच, असं समजणं चूक. घरातलं माणूस गेल्यावर आणि संसार मोडल्यावर मागं काय उरतं, हे मात्र त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. तळीरामाच्या विनोदावर पोट धरून हसणारा प्रेक्षक पुढच्या प्रवेशात डोळे पुसतो, ते त्यामुळंच.

आजारपणातही लेखणी थांबली नाही. ‘भावबंधन’ त्यांनी मृत्यूच्या अगदी आधी पुरं केलं, ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं. २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळच्या सावनेरला ते गेले. वय अवघं ३३. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला केला, बालगंधर्व सिंधू झाले होते. तारीख होती २० फेब्रुवारी १९१९. गडकरींना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.