अनुकंपा : शब्द आणि व्यवहार

दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत ‘अनुकंपा’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. सेवेत असताना कर्मचारी निवर्तला की त्याच्या वारसास ‘अनुकंपा तत्त्वावर’ घेतात. ‘अनुकंपावर लागला’ असे आपण सहज बोलतो. फायलीत राहून शब्द जरा कोरडा झाला, हे मात्र खरे. संस्कृतात ‘कंप’ म्हणजे थरथर व ‘अनु’ म्हणजे मागोमाग. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या अंतःकरणास सुटलेला कंप, ती अनुकंपा.

मराठीत या शब्दाचे सोयरे पुष्कळ, परंतु ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘कीव’ करणारा उंचावर उभा असतो. ‘तुझी कीव येते’ हे बोल जिव्हारी लागतात. ‘दया’ देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. ‘कणव’ आतून दाटून येते. ‘करुणा’ सर्वांत थोर. पण ‘करुणा भाकणे’ म्हटले की माणूस हात जोडून दाराशी उभा राहिलेला दिसतो.

रुग्णालयात हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या देयकांपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तेव्हा ही खाट म्हणजे व्यवस्थापनाची दया नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे. नातेवाइकांनी शिधापत्रिका अथवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा. करुणा भाकण्याचे कारण नाही.

मग अनुकंपा उरते कोठे? आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना प्रत्येक गोष्टीस खाते लागते. हिला ते सापडत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व छात्रालयही पाहत. आजारी मुलांची शुश्रूषा ते स्वतः करीत. ती कोणत्या खात्यावर मांडावी? तातडीच्या रुग्णास आधी दाखल करून कागद नंतर मागणे, निधीतील रुग्णाचे नाव वॉर्डात मोठ्याने न पुकारणे, ‘फुकटवाला’ हा शब्द कोणाच्याही तोंडी न येणे, यांचीही नोंद जमाखर्चात होत नाही.

देणगीदार व विश्वस्तांना विनंती, की भेटीस याल तेव्हा खाटांची संख्या अवश्य तपासावी. पण दहा मिनिटे नोंदणीच्या खिडकीजवळही बसावे. तेथे काय बोलले जाते ते ऐकावे आणि खटकल्यास त्याच दिवशी कार्यालयात कळवावे.