कोशाआडचे शिक्षक : वामन शिवराम आपटे

संस्कृत शिकणाऱ्यांत ‘आपट्यात पाहा’ हा वाक्प्रयोग इतका रूढ झाला आहे, की आपटे हे एका माणसाचे नाव होते याचाच विसर पडावा. पुस्तकाने कर्त्याला झाकून टाकावे, ही कोशकारांच्या वाट्याला येणारी कीर्ती मोठीच म्हणावयाची. परंतु आम्हांस वाटते, आपट्यांच्या बाबतीत तिने थोडा अन्यायही केला. कारण ते आधी शाळामास्तर होते, आणि त्यांचे सारे ग्रंथ त्या मास्तरकीतूनच निघाले.

वामनरावांचा जन्म १८५८ सालचा, सावंतवाडी संस्थानातला. वडील लवकर वारले, घरची स्थिती पालटली आणि मुलाचे शिक्षण कोल्हापुरास झाले. तेथे महादेव मोरेश्वर कुंटे हेडमास्तर होते. ‘राजा शिवाजी’ काव्याचे कर्ते म्हणून कुंटे वाङ्मयाच्या इतिहासात येतात; या पोरक्या मुलास त्यांनी हात दिला, हीही त्यांची कामगिरी लहान नव्हे. १८७३ साली आपटे मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन उत्तीर्ण झाले. पुढे डेक्कन कॉलेजात कीलहॉर्नसारखा व्याकरणपंडित लाभला. १८७९ पर्यंत एम.ए.ही झाले. त्या काळी अशी पदवी हाती असलेल्या तरुणास सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. आपटे त्या वाटेने गेले नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आपटे त्याच वर्षी तेथे आले आणि पुढे शाळेचे सुपरिंटेंडेंट झाले. आगरकर त्यानंतर आले.

या मंडळींतील वक्ते, लेखक, झुंजार पुरुष कोण हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शाळा चालते ती वेळापत्रकावर. कोणता तास कोणी घ्यावयाचा, गैरहजर शिक्षकाचा वर्ग कोणी सांभाळावयाचा, वह्या कोणी तपासावयाच्या, या गोष्टींवर कोणी पोवाडे रचीत नाही. १८८२ सालाकडे पाहिले म्हणजे त्यांचे मोल कळते. शाळेला अवघी दोन वर्षे झाली होती. मार्चमध्ये विष्णुशास्त्री बत्तीस वर्षांचे नाहीत तोच वारले. कोल्हापूरच्या दिवाणांवरील लिखाणाच्या खटल्यात त्याच उन्हाळ्यानंतर टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि ते एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. ज्यांच्या नावावर पालकांनी मुले धाडली, त्यांतला एक गेलेला आणि दोघे गजांआड! खाजगी शाळा मोडावयास याहून अधिक काय लागते? पण ती मोडली नाही. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे आपट्यांनी साक्ष दिली, आणि खुद्द हंटर साहेबांनी शाळेची वाखाणणी केली. याचे सर्व श्रेय एकट्या आपट्यांस द्यावे असे आम्ही म्हणत नाही. पण तुरुंगाची आठवण आपण ठेवतो आणि त्या काळात घंटा वेळेवर वाजवणाऱ्याची ठेवीत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता त्यांच्या पुस्तकांकडे वळू. १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत लिहिले. शाळा-कॉलेजांतले अध्यापन इंग्रजीतून चाले, म्हणून भाषा इंग्रजी. वर्गात शिकवणाऱ्यालाच जी अडचण दिसते, ती या पुस्तकाचा विषय आहे. विद्यार्थ्याला रूपे पाठ असतात. ‘रामः रामौ रामाः’ तो झोपेतही म्हणेल. वाक्य करावयास सांगितले की अडतो. मराठीत आपण ‘सापाला’ भितो. संस्कृतात सापापासून भ्यावे लागते, ‘सर्पाद् बिभेमि’. मराठीत रामावर रागावतो. संस्कृतात राग रामासाठी, ‘रामाय क्रुध्यति’, म्हणजे चतुर्थी. आवडण्याचे मात्र बरे आहे, ‘मह्यं मोदको रोचते’ येथे दोन्ही भाषांची वाट जवळजवळ एकच. कोणत्या क्रियापदाशी कोणती विभक्ती हे नियम, त्यांना अभिजात ग्रंथांतील वाक्यांचा आधार आणि मग मुलांनी करावयाची वाक्ये, अशी त्या पुस्तकाची रीत आहे. पंडिताने लिहिले असते तर आधी सूत्रांचा डोंगर उभा राहिला असता.

हीच दृष्टी कोशात आहे. १८८४ साली विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत कोश आला आणि १८९० साली तो मोठा संस्कृत-इंग्रजी कोश. रोट आणि बोटलिंग यांचा सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग कोश १८७५ सालीच पुरा झाला होता. मोनियर विल्यम्सचा १८७२ सालचा. पण पहिला जर्मन भाषेतला आणि विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. आपट्यांनी आपल्या कोशाच्या नावातच ‘व्यवहारोपयोगी’ अशा अर्थाचा शब्द घातला. अर्थ द्यावयाचा आणि लगोलग कालिदास-भवभूतींचे प्रयोगही दाखवावयाचे. शेवटी छंदांचे परिशिष्ट, ग्रंथकारांची आणि प्राचीन स्थळांची माहिती. रात्री ‘रघुवंश’ लावीत बसलेल्या मुलाला जे जे लागेल ते एका जागी. वेदांचा अभ्यासक याने पुरा तृप्त होत नाही, हे खरे आहे. कोशाची मुख्य नजर अभिजात वाङ्मयावर आहे.

हे सर्व फावल्या वेळातले काम, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले आणि आपटे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल झाले; वय सत्तावीसच्या आतबाहेर. आजीव सभासदाला पगार मासिक पंचाहत्तर रुपये. सभासदांनी बाहेरची कामे करावीत की नाहीत यावरून सोसायटीत मोठा वाद माजला, आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. शिक्षकाचे लक्ष दुभंगू नये हा टिळकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. मात्र पाठ्यपुस्तक आणि कोश यांना ‘बाहेरचे’ काम म्हणणे आम्हांस जड जाते. ते वर्गाचेच लांबलेले टोक नव्हे काय?

कोश छापून झाल्यावर कर्त्याला दोनच वर्षे मिळाली. १८९२ साली आपटे वारले, वय चौतीस. प्रिन्सिपॉलच्या खुर्चीवर आगरकर आले आणि तेही १८९५ मध्ये गेले. टेकडीच्या पायथ्याची फर्ग्युसनची नवी इमारत आपट्यांनी पाहिली नाही. त्यांचा कोश मात्र वाढतच राहिला : परशुराम कृष्ण गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी वाढवलेली तीन खंडांची आवृत्ती पुण्यासच १९५७ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झाली.