ऊस, कोको आणि देशांची संपन्नता

भूगोलाच्या तासाला एखाद्या देशाची ओळख करून देताना राजधानी, हवामान, पिके व खनिजे हा क्रम आपण बहुधा पाळतो. शेवटी ‘हा देश विकसनशील आहे’ असे एक वाक्य येते आणि पाठ संपतो. मुले ते वाक्य पाठ करतात. परंतु एक देश संपन्न व दुसरा निर्धन का, याचे उत्तर शाळेत मिळाले नाही तर ती ते आपल्या मनाने बनवितात. उष्ण प्रदेशातील माणसे आळशी असतात, हे असेच एक उत्तर. एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलज्ञाने 1915 साली हवामान व संस्कृती यांचा अशाच प्रकारे संबंध जोडला होता. विषुववृत्ताला अगदी लागून असलेले सिंगापूर आज जगातील अतिसंपन्न देशांत गणले जाते, एवढे एक उदाहरण त्या मताला पुरेसे आहे. शिवाय आपली मुलेही उष्ण प्रदेशातीलच आहेत. ती समजूत त्यांच्या मनात रुजली तर ती स्वतःविषयीही तसाच ग्रह करून घेतील.

म्हणून वर्षातून एक तरी तास एकाच देशाला व एकाच पिकाला द्यावा, असे शिक्षक बंधुभगिनींना सुचवावेसे वाटते. उदाहरणार्थ, घाना व कोको. पृथ्वीगोलावर लंडनजवळील ग्रीनिचच्या रेखावृत्तावर बोट ठेवून सरळ दक्षिणेस यावे. फ्रान्स, स्पेन व सहारा ओलांडून बोट गिनीच्या आखाताशी, घानाच्या टेमा बंदरापाशी पोहोचते. (हिवाळ्यात लंडनचे व घानाचे घड्याळ एकच वेळ दाखविते, मुलांना याची मोठी गंमत वाटते.)

कोको हे घानाचे मूळचे झाड नव्हे. ते अमेरिका खंडातील. टेटे क्वार्शी यांनी 1879 च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून त्याचे बी आणले, असे सांगितले जाते. लहान शेतकऱ्यांनी जंगल साफ करून अशी लागवड केली की 1911 च्या सुमारास हा प्रदेश, त्या वेळचा ‘गोल्ड कोस्ट’, कोकोच्या उत्पादनात जगात पहिला आला. आळशी माणसांच्या हातून हे घडत नाही. आजही घाना व शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातील सुमारे निम्मा कोको पिकवितात.

मग चॉकलेटसाठी नाव स्वित्झर्लंड व बेल्जियम यांचे का? येथे मुलांना आपल्या परिचयाच्या उसाकडे न्यावे. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखाना शेताजवळच असावा लागतो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागे शेतकऱ्यांचा निश्चय होता, तसा उसाचा हा गुणधर्मही होता. कोकोचे तसे नाही. फळातील बिया केळीच्या पानांखाली काही दिवस आंबवून उन्हात वाळविल्या की पोत्यांत भरून त्या कोठेही नेता येतात. त्यामुळे गिरणी भांडवल, यंत्रे व गिऱ्हाईक असतील तेथे निघाली. बियांतील स्निग्धांश दाबून काढण्याची युक्ती 1828 साली नेदरलँड्समध्ये निघाली आणि तो देश अजूनही कोको दळण्यात अग्रगण्य आहे. त्यातच गोल्ड कोस्ट ही ब्रिटिशांची वसाहत होती. तेथील लोहमार्ग खाणी व मळे यांपासून बंदरापर्यंत गेले. गावोगाव जोडणे हा त्यांचा हेतू नव्हता. 1957 साली देश स्वतंत्र झाला. परंतु जगाच्या बाजारात 1960 नंतरच्या काही वर्षांत कोकोचा भाव कोसळला व सरकारच्या योजना अडचणीत आल्या. एकाच पिकावर विसंबणाऱ्या देशाला हा धोका नेहमीचाच असतो. टेमा येथे काही कोको आता दळला जातो, तरी बराचसा माल अजून बियांच्याच रूपाने बाहेर जातो.

दरडोई उत्पन्नाचा आकडा सांगताना तो सरासरीचा आहे, हेही समजावून द्यावे. घानाच्या दक्षिणेस कोकोची वने आहेत, तर उत्तर भाग कोरडा व गरीब आहे. मुंबई व गडचिरोली यांचे उदाहरण मुलांना अधिक लवकर पटेल. याच कारणास्तव 1990 पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे ‘मानव विकास निर्देशांक’ प्रसिद्ध होतो. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान व शिक्षणही मोजले जाते. शिक्षणाचा एक भाग शाळांतील पटनोंदणीवरून काढतात, म्हणजे आपल्या पटावरील नावांचाही त्या जागतिक तक्त्याशी संबंध पोहोचतो.

पुढील तासासाठी काजू घ्यावा. तोही अमेरिका खंडातून आला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. परंतु येथे व्यवहार उलटा आहे: आफ्रिकेतील कच्चा काजू जहाजांनी भारतात येतो, येथे फोडला जातो आणि त्यातील काही गर परदेशी विकला जातो. या व्यवहारात अधिक लाभ कोणाला होतो, हे मुलांनाच विचारावे.