सायकलच्या साखळीतील हाताने सुटणारी कडी

शाळेच्या सायकल-स्टँडवर उभ्या असलेल्या एखाद्या साध्या, बिनगिअरच्या सायकलची साखळी निरखून पाहा. शंभराच्या आसपास असणाऱ्या एकसारख्या कड्यांत बहुधा एक कडी वेगळी दिसेल. तिच्या बाहेरच्या पट्टीवर माशाच्या आकाराची, पातळ पोलादी क्लिप बसवलेली असते. साखळी काढायची झाली की दुरुस्ती करणारा ही क्लिप पकडीने सरकवतो, खालची पट्टी काढतो आणि साखळीची दोन टोके मोकळी होतात. क्लिपचे एक टोक बंद आणि दुसरे उघडे असते. बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे, असा नियम आहे. धावताना क्लिप कशाला घासली, तर त्या धक्क्याने ती अधिक घट्ट बसावी, निसटू नये, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांना दिशा आधी सांगू नये. सायकल उलटी ठेवून, पायडल फिरवून त्यांनाच ती ठरवू द्यावी.

गिअरच्या सायकलींना मात्र ही क्लिप चालत नाही. तेथे मागे अनेक दातेरी चक्रे एकमेकांना चिकटून असतात आणि गिअर बदलताना साखळी एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर तिरकी चढते. पट्टीच्या बाहेर आलेली क्लिप शेजारच्या दात्यांत अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे या साखळ्यांत सर्व पिना सारख्याच, दाबून बसवलेल्या असत. साखळी तोडायची तर एका छोट्या स्क्रूच्या हत्याराने पिन बाहेर ढकलायची आणि नंतर तीच पिन पुन्हा आत दाबायची. जुन्या, रुंद साखळ्यांत हे चालून जाई. पुढे गिअर वाढत गेले, चक्रांमधील जागा कमी झाली आणि साखळ्या अरुंद झाल्या. आठ गिअरची साखळी बाहेरून सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते, तर अकरा गिअरची साधारण साडेपाच. इतक्या कमी जागेत पिनेने पट्टी धरून ठेवावी म्हणून कारखान्यात पिनेची टोके ठोकून किंचित पसरवतात. अशी पिन बाहेर ढकलली की ती पसरलेली कड खरवडून निघून जाते. मग तीच पिन पुन्हा घातली, तर ती जागेवर बसलेली दिसते, पण पट्टीवरची तिची पकड गेलेली असते.

ही पकड किती महत्त्वाची आहे ते आकडेमोड करून पाहू. सायकलच्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलर असलेली जी साखळी तयार केली, तिचीच ही वंशज. पुढच्या चक्राला ४४ दाते असतील तर त्याचा परीघ सुमारे ५५९ आणि त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर येते. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरू. ६० किलोग्रॅम वजनाची मुलगी चढावर पायडलवर उभी राहिली आणि क्रँक आडवा असला, तर तिचे सुमारे ६०० न्यूटन वजन १७० मिलिमीटर अंतरावर लागू होते. तरफेच्या नियमाने साखळीतील ताण ६०० × १७० ÷ ८९, म्हणजे जवळजवळ ११५० न्यूटन होतो. साखळीला ११५ किलोग्रॅमचे ओझे टांगावे तसे हे झाले. पुढचे चक्र ३२ दात्यांचे असेल तर ताण १५८० न्यूटनपर्यंत जातो. हे गणित नववीच्या वर्गात सहज करून घेता येईल.

चांगली साखळी सरळ ओढून तोडायला सुमारे ८००० न्यूटन किंवा त्याहून अधिक बल लागते. मग साखळ्या तुटतात का? कारण प्रत्यक्षात त्या नुसत्या सरळ ओढल्या जात नाहीत. गिअर बदलताना ताणलेली साखळी बाजूला वाकते, पट्टी दात्यावर चढते आणि पिनेच्या टोकावरून बाहेर ढकलली जाते. पकड गेलेली पिन येथे दगा देते. पायडलवर उभ्या असलेल्या सायकलस्वाराच्या पायाखालचा आधार त्या क्षणी नाहीसा होतो आणि तो पुढे कोसळतो. दात, मनगट आणि गळ्याजवळचे हाड यांची किंमत एका कडीपेक्षा फार जास्त आहे.

यावर निघालेला उपाय म्हणजे क्विक लिंक, चटकन सुटणारी कडी. तिचे दोन सारखेच अर्धे भाग असतात. प्रत्येक भागात एक पट्टी, तिच्या एका टोकाला पक्की बसवलेली एक पिन आणि दुसऱ्या टोकाला एक लांबट छिद्र. भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीमागे खिळ्याला अडकवण्यासाठी जे छिद्र असते, ते आठवा: खाली रुंद, वर अरुंद. खिळ्याचे डोके रुंद भागातून आत जाते, घड्याळ खाली सरकते आणि डोके अरुंद भागात अडकते. क्विक लिंकची रचना अगदी अशीच आहे. पिनेच्या टोकाशी गोल खाच पाडून मान आणि डोके केलेले असते. दोन भाग समोरासमोर धरून प्रत्येकाची पिन दुसऱ्याच्या छिद्रात घालायची आणि साखळी ओढायची, की माना अरुंद भागात सरकतात. घड्याळाला जागेवर ठेवते त्याचे वजन, आणि या कडीला जागेवर ठेवतो साखळीतील ताण.

या युक्तीचे मर्म असे की कडी उघडायची तर दोन्ही पिना एकमेकींकडे ढकलाव्या लागतात, आणि साखळीला ढकलता येत नाही. दोरीने बादली ओढता येते, ढकलता येत नाही, तसेच हे. पायडल मारताना वरची बाजू ताणली जाते आणि खालची सैल असते; पण सैल म्हणजे ताण कमी, दाब नव्हे. चक्रावर असताना रोलर दात्यांमधील खोबणीत बसलेले असतात आणि तेथेही ते जवळ येऊ शकत नाहीत. सायकल चालवणारा जितका जोर लावेल तितकी कडी अधिक पक्की होते. आमच्या मते क्लिपपेक्षा ही रचना अधिक सुंदर आहे.

आता अडचणीचा प्रश्न. काही क्विक लिंक पुन्हा पुन्हा वापरा असे उत्पादक सांगतात, तर काहींच्या पाकिटावर एकदाच वापरा असे बजावलेले असते. स्रॅम कंपनीची नऊ गिअरसाठीची पॉवरलिंक पुन्हा वापरता येते, पण दहा आणि अकरा गिअरसाठीची पॉवरलॉक एकदा उघडली की टाकून द्या असे तीच कंपनी सांगते. के.एम.सी. दोन्ही प्रकारच्या कड्या विकते. दिसायला सारख्याच असणाऱ्या कड्यांबाबत असा भेद पाहून हा निव्वळ धंदा आहे असे कोणालाही वाटेल. धंदा त्यात असेलही, पण त्याला धातुशास्त्राचा आधार आहे.

रुंद साखळीत पिनेचे टोक पट्टीच्या बाहेर पुरेसे येते, त्यामुळे खाच खोल घेता येते आणि पट्टी तिच्यात सैलसर बसली तरी निसटत नाही. अरुंद साखळीत टोक बाहेर येऊ देण्याची सोयच नाही. खाच उथळ, पट्टी पातळ. म्हणून छिद्राचा गळा पिनेच्या मानेपेक्षा किंचित अरुंद ठेवतात. कडी बसवताना मान त्या गळ्यातून जोराने पलीकडे जाते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. त्या वेळी पोलाद थोडे दबते. त्यातले काही दबणे स्प्रिंगसारखे पूर्ववत होते, पण कडांवरचा अगदी थोडा भाग कायमचा दबतो. कडी उघडताना मान उलट्या दिशेने तेथूनच जाते आणि गळा आणखी झिजतो. कडी डोळ्यांना नवीच दिसते, पकड मात्र दर वेळी कमी होत जाते. पुन्हा वापरण्याच्या म्हणून केलेल्या अरुंद कड्यांमध्ये हे नुकसान कमी व्हावे अशी रचना असते. ते शून्य नसते. एरवी जोराने बसणारी कडी नुसत्या बोटांनी, आवाज न करता बसू लागली, तर ती बदलावी. आठ गिअरपर्यंतच्या रुंद कड्या मात्र मुळातच हाताने बसतात, तेव्हा त्यांना ही कसोटी लावू नये.

कडी बसवताना ती हाताने जुळवून साखळीच्या वरच्या भागात आणावी, मागचे चाक ब्रेकने अडवावे आणि पायडल दाबावे. खालच्या सैल भागात हे का जमणार नाही, ते विद्यार्थ्यांना विचारावे. उघडण्यासाठी खास पकड मिळते, पण बुटाच्या नाडीनेही काम होते. नाडी कडीच्या एका रोलरच्या पलीकडून घालून दुसऱ्या रोलरच्या पलीकडून बाहेर काढायची, अर्धी गाठ मारायची आणि ओढायचे. गाठ आवळते तसे रोलर जवळ येतात आणि माना रुंद भागात येतात. रुंद प्रकारात त्याच वेळी दोन्ही पट्ट्या चिमटीत दाबाव्या लागतात. कडी साखळीच्या रुंदीचीच हवी. वाइपरमान कंपनीच्या कॉनेक्स कडीची एक कड फुगीर असते. ती चक्राच्या बाहेरच्या बाजूला ठेवावी लागते, नाहीतर लहान चक्रावर कडी उचलली जाते.

साखळी सुटी झाली की ती धुता येते आणि मोजताही येते. तिच्या २४ कड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिलिमीटर भरते. ती ३०६.३ झाली तर साखळी अर्धा टक्का ‘वाढली’. पट्ट्या मात्र ताणलेल्या नसतात. पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश धूळमिश्रित तेलाने घासले गेलेले असतात. क्विक लिंकच्या पिनाही तशाच झिजतात, म्हणून नव्या साखळीत जुनी कडी घालू नये.

आणखी एक कोडे वर्गासाठी. क्विक लिंकला बाहेरच्या पट्ट्या असतात, म्हणून साखळीच्या दोन्ही टोकांना आतल्या पट्ट्यांच्या कड्या लागतात. मग जोडून पूर्ण झालेल्या साखळीतील कड्यांची एकूण संख्या सम असेल की विषम? आणि साखळी नेमकी एकाच कडीने कमी करायची झाली, तर त्या कडीच्या पट्ट्यांचा आकार कसा असावा लागेल?