पळसापासून चाळीस पावलं

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं एक उघडंबोडकं पठार आहे. दलदल, धुकं, वारा आणि मधूनच डोकं वर काढणारे खडकांचे सुळके. १८५४ साली तिथल्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमिअर पूल या अगदी आडवळणाच्या जागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो कुणी इथवर येईल, त्यानं आपलं कार्ड बाटलीत टाकून जावं, इतकीच कल्पना. पुढं लोक तिथं स्वतःचाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पोस्टकार्ड ठेवून यायला लागले. मागून जो येईल त्यानं ते उचलायचं आणि खाली गावात जाऊन पोस्टात टाकायचं. म्हणजे पत्र घरी कधी पोचणार, हे पुढच्या अनोळखी माणसाच्या पायांवर अवलंबून!

या उद्योगाचं नाव लेटरबॉक्सिंग. आज डार्टमूरवर असे हजारो डबे लपवलेले आहेत आणि शंभर डबे शोधणाऱ्यांचा वेगळा क्लबसुद्धा आहे. डब्यात असतं काय? एक वही आणि एक रबरी शिक्का. शोधणाऱ्याच्या खिशात त्याची स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का. डबा सापडला की त्याचा शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्याच्या वहीत मारायचा, तारीख टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि डबा होता तिथं, होता तसा लपवायचा. बक्षीस नाही, लाइक नाही, स्कोअर नाही. १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात यावर लेख आला आणि अमेरिकेत हे वेड पसरलं.

मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकानं जंगलात बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून जिओकॅशिंग सुरू झालं. ते तुम्ही ऐकलं असेल, त्याचं अ‍ॅपही आहे. पण त्यात मजेचा अर्धा भाग फोन खाऊन टाकतो, असं माझं मत आहे. निळा ठिपका सांगेल तिकडं जायचं. लेटरबॉक्सिंगमध्ये जावं लागतं ते कुणीतरी लिहिलेल्या शब्दांवर विसंबून.

आणि ते शब्द लिहायला बसलं की खरी गंमत सुरू होते.

वडनेर भोलजी तुम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. मुंबई-नागपूर हायवेवर, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं गाव. याच हायवेच्या अमरावती-अकोला टप्प्यात २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तासांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. आम्ही पाच जणांनी दिवाळीनंतरच्या एका रविवारी वडनेरच्या शिवारात जे अंतर कापलं ते असेल दीड किलोमीटर, आणि त्याला साडेतीन तास लागले.

मार्ग निवडला पांदणीचा. सरकारी कागदावर ‘पाणंद’, आपल्याकडं पांदण. दोन्ही बाजूंना वावरं, मधून बैलगाडीपुरती वाट, कडेला बाभूळ, बोर, कडुनिंब, पुढं नाला. हंगाम वेचणीचा, पऱ्हाटी पांढरीफेक फुटलेली. सामान साधं: झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, चाळीस पानी वही, शाईचं पॅड आणि शिक्का. तहसीलसमोरच्या दुकानातून शिक्का करून घेता येतो, पण खोडरबरवर ब्लेडनं कोरण्यात जास्त मजा आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडीचे ठसे काढलेत ना, तोच प्रकार. फक्त अक्षरं उलटी कोरावी लागतात. आमच्यातल्या एकीनं ‘व’ कोरायला तीन खोडरबर संपवले.

मग पहिली खूण लिहायची वेळ आली. खूण कशाची द्यायची? ‘म्हशी बांधतात तिथून डावीकडं’ चालत नाही, म्हशी सोडतात. ‘पिवळ्या फुलांच्या झाडाखाली’ चालत नाही, फुलं महिनाभर. वर्षभर जागेवर राहील असं काहीतरी पाहिजे, म्हणजे झाड, विहीर, धुरा, दगड. आणि इथं आमच्या लक्षात आलं की पाचही जण याच भागात वाढलेले, चौघांची घरची शेती, पण पांदणीवरची नावानिशी ओळखता येणारी झाडं मोजून सहा. बाकी सगळं ‘ते झाड’ आणि ‘त्याच्या बाजूचं झाड’. कडुनिंब आणि बकाण यांवरून तर दहा मिनिटं भांडण.

शेवटी धावून आली म्हण. पळसाला पानं तीनच! ही म्हण आपण निबंधात शंभरदा वापरली, पण झाडाजवळ जाऊन पानं मोजली नव्हती. मोजली. खरंच एका देठाला तीन. खूण तयार झाली ती अशी:

‘गावाकडं पाठ कर, सातपुड्याकडं तोंड. पांदणीनं चालत राहा. कुठंही गेलास तरी ज्याला तीनच, तो डाव्या हाताला भेटेल. भर दुपारी त्याची सावली जिकडं पडते तिकडं चाळीस पावलं. जिथं पाणी पडायचं आणि आता पडत नाही, तिथं आधी काठी वाजव.’

सावलीवर लगेच हरकत आली, भूगोलवाल्या मैत्रिणीची. हिवाळ्यात दुपारची सावली उत्तरेकडं पडते हे खरं. पण आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी आपल्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे सावली पडते दक्षिणेला. जूनमध्ये ही चिठ्ठी घेऊन येणारा माणूस चाळीस पावलं नेमकी उलट्या दिशेला जाईल. सावली खोडली, ‘सातपुड्याच्या दिशेनं’ लिहिलं. आणि पावलं कुणाची? उंच मुलाची चाळीस पावलं साधारण तीस मीटर, माझी चोवीस. यावर तोडगा असा की लिहिणाऱ्यानं चिठ्ठीखाली स्वतःची उंची लिहायची.

या सगळ्या भानगडीत आम्ही कागद हातात धरून, पावलं मोजत, झाडाभोवती फिरत होतो. आपल्या भागात हे कसं दिसतं, हे सांगायला नको. शेजारच्या वावरातून एक आबा आले.

‘‘काय शोधून राह्यले रे पोट्टेहो? धन-बिन हाय का इथं?’’

‘‘शोधून नाही राह्यलो आबा, ठेवून राह्यलो. डबा.’’

‘‘डब्यात काय हाय?’’

‘‘वही.’’

‘‘मंग घरी बसून लिहा ना!’’

हसण्यावारी गेलं, पण विषय हसण्यासारखा नाही. गुप्तधनाच्या नादानं खड्डे खणणं, त्यासाठी पूजा-अघोरी प्रकार करणं आपल्याकडं अजून थांबलेलं नाही; २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. म्हणून लेटरबॉक्सिंगचा पहिला नियम आपल्याकडं अधिकच महत्त्वाचा: खणायचं नाही. जमीन, जुनं बांधकाम, समाधी, मंदिर यांना हात लावायचा नाही. डार्टमूरवरही पुरातन दगडांत डबा ठेवायला बंदी आहे. दुसरा नियम, ज्याचं वावर त्याला विचारायचं. तिसरा, दगडांच्या फटीत आधी काठी, मग हात. घोणस आणि फुरसं यांना तुमच्या क्लूचं काही कौतुक नसतं.

आबांना विचारलं. त्यांची परवानगी मिळालीच, वर जागाही त्यांनीच दाखवली, विहिरीशेजारचं पडकं थारोळं. मोटेचं पाणी जिथं येऊन पडायचं आणि पाटानं पुढं जायचं, ते दगडी कुंड. आमच्यातल्या तिघांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मग आबा सुरूच झाले. हा हिवर, तो बिबा, नाल्याच्या पलीकडं आणखी दोन पळस होते, ते रस्त्याच्या कामात गेले. पाणंद रस्ते पक्के करायची राज्य सरकारची योजना २०२१ पासून आहे. आबांना रस्ता हवाच आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी फसली की काय होतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. रस्ता व्हायलाच पाहिजे, पण कडेची झाडं ठेवून तो करता येतो का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. निदान कुठली झाडं होती, एवढं लिहून ठेवायला आमची चिठ्ठी उपयोगी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, पांदणीत काय, जंगलात चला. खरं जंगल दोन्ही बाजूंना आहे. उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगा. बुलडाणा-खामगाव रस्त्यानं बोथ्याच्या घाटातून गेलात तर ज्ञानगंगेतूनच जाता. पण तिथं डबा ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. शिवाय आपण प्रेमानं ठेवलेला डबा तिथं शेवटी प्लास्टिकचा कचराच. आणि ज्ञानगंगेत अस्वलं आहेत. मान खाली घालून पावलं मोजत चालणं त्यांच्या राज्यात परवडत नाही. डब्यांसाठी पांदण, कॉलेजचा परिसर, ग्रामपंचायतीला विचारून ई-क्लासची जमीन एवढं पुष्कळ आहे.

जंगलात डब्याची गरजही नाही, कारण तिथं शिक्के आधीच मारलेले असतात. नाल्याच्या ओल्या वाळूत, धुळीच्या वाटेवर. चार बोटं, नखांची खूण नाही, तळव्याच्या मागच्या कडेला तीन भाग: मार्जार कुळ. मोठा असेल तर वाघ, लहान असेल तर बिबट्या. नखं उमटलेली असली तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. अस्वलाची पाच बोटं, लांब नखं आणि मागचा पाय बघून क्षणभर वाटतं, कुणी अनवाणी माणूस गेला की काय. एके काळी देशातले वाघ या ठशांवरूनच मोजत. २००६ पासून कॅमेरा ट्रॅपची पद्धत आली.

ज्ञानगंगेतला सगळ्यात गाजलेला पाहुणा म्हणजे यवतमाळच्या टिपेश्वरचा टी१सी१. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण नर जून २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातले सात जिल्हे पालथे घालून डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोचला, तोवर १,३०० किलोमीटर झाले होते. पुढं एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या घरात गेली. तासातासाला उपग्रहाकडं त्याची जागा नोंदली जात होती, म्हणून आपल्याला हा आकडा ठाऊक आहे. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली. त्याचा रस्ता कुठला, तर नाले, ओढे, रात्रीच्या वेळी ओलांडलेले हायवे आणि उभी पऱ्हाटी. म्हणजे आपल्या पांदणीसारख्याच वाटा.

ठसे वाचायला शिकायचं असेल तर वनखात्याच्या गेटवरून रीतसर परवानगी आणि गाइड घेऊन जा, आणि त्याला पाणवठ्याशी थांबायला सांगा. वाघ दिसला नाही म्हणून चिडणाऱ्यांपेक्षा ठसे विचारणारे पर्यटक गाइडलाही आवडतात. दुसरी संधी बुद्धपौर्णिमेची. त्या रात्री राज्यात ठिकठिकाणी वनखातं लोकांना मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी नोंदवू देतं. नावनोंदणी आधी करावी लागते आणि जागा पटकन भरतात, तेव्हा एप्रिलपासूनच चौकशी ठेवा.

आमचा डबा थारोळ्यातच आहे. चिठ्ठीच्या प्रती आम्ही दोन कॉलेजांच्या नोटीस बोर्डाशेजारी लावल्या, एक गावातल्या चहाच्या टपरीवर. तीन आठवड्यांनी जाऊन वही उघडली. आमची पाच नावं सोडून सात नोंदी. तिघांनी अंगठ्याचा ठसा मारून काम भागवलं होतं. एकानं कॉलेजच्या जिमखान्याचा शिक्का आणला होता, तो कसा आणला ते विचारलेलं नाही. एकीनं लिहिलं होतं, ‘पळस नाही सापडला, थारोळं माहीत होतं म्हणून आले.’ आणि शेवटच्या पानावर नाव नाही, तारीख नाही. भेंडीचा हिरवट ठसा आणि त्याखाली शाळकरी अक्षरात एक ओळ: ‘हे थारोळं आमच्या पणजोबानं बांधलं.’