पेट्रोल वर चढवते ती हवा

खाडीत होडी चालवणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: मुख्य इंजिन बंद पडलं तर हाताशी असावी म्हणून मागे छोटी आउटबोर्ड मोटर बसवली. ती सुरू होते, काही मिनिटं छान चालते आणि मग गुदमरून बंद पडते. पंप बदलला, प्लग बदलला, तरी तेच. चुकतंय कुठे?

आधी टाकीचं झाकण पाहा. बहुतेक वेळा त्यावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद असतो.

पंप पेट्रोल ओढतो असं आपण म्हणतो, पण त्याचा पडदा फक्त नळीतला दाब कमी करतो. पेट्रोल वर ढकलण्याचं काम टाकीतल्या हवेचं. नवी हवा आत यायला वाटच नसेल, तर पातळी उतरेल तसा टाकीतला दाब घटतो आणि मोटर उपाशी राहते.

पंप ओढतो की हवा ढकलते, हे कोडं जुनं आहे. पाणी उपसणारे पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी का चढवत नाहीत, हा प्रश्न गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मांडला. रोममध्ये गास्पारो बेर्ती याने घराच्या भिंतीला उंच शिशाची नळी लावून पाणी दहा मीटरवर थांबतं हे दाखवलं. टॉरिचेलीने 1643 मध्ये पाण्याऐवजी पारा सुचवला. प्रयोग प्रत्यक्ष केला त्याच्या सहकारी विव्हियानीने. पारा 76 सेंटिमीटरवर थांबला, कारण हवेची ताकद तेवढीच. टॉरिचेलीचं नाव दाबाच्या एककाला मिळालं. पहिली उंच नळी उभारणारा बेर्ती मात्र पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, याची खंत वाटते.

पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ते आणखी उंच चढायला हवं. पण ते सहज उडतं. कडक उन्हात त्याच्या वाफेचाच दाब हवेच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास पोचतो. दाब थोडा कमी होताच नळीत बुडबुडे धरतात. त्यामुळे नळी आखूड असावी, सावलीतून जावी, टाकी फार खाली नसावी. सांधा सैल असला तर पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही. हवा मात्र आत शिरते. नळीवरच्या रबरी बल्बमध्ये दोन एकदिशा झडपा असतात. त्यावरचा बाण मोटरीकडेच हवा.

मुख्य इंजिनही पेट्रोलवर असेल, तर त्याच्याच नळीला फाटा काढून छोटी मोटर जोडायचा मोह होतो. तो टाळावा. मोठ्या इंजिनाचा पंप बंद असलेल्या मोटरीच्या वाटेने हवा खेचू शकतो. शिवाय टू-स्ट्रोक मोटरीला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, फोर-स्ट्रोकला ते चालत नाही. तिसरं कारण सर्वांत मोठं. आता पेट्रोल पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाशी बसतात. नळीचं तोंड तिथेच असतं. टाकी एकच असेल, तर ज्या पेट्रोलने मोठं इंजिन थांबलं तेच राखीव मोटरीच्या पोटात जाणार.

म्हणून राखीव मोटरीला स्वतःची टाकी आणि पाणी वेगळं करणारा स्वतःचा फिल्टर द्या. टाकी धक्क्यावर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका. आणि निघण्यापूर्वी झाकणावरचा स्क्रू उघडा.